भूस्तर अन्वेषण आणि इमारतींच्या पायाचे संकल्पन : औरंगपुरा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

इ.स. १६१० मध्ये मलिक अंबरने जे नगर वसविले त्याचे मूळ नाव खडकी. पुढे त्याचे फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, तरी पहिल्या नावाने रुजविलेला एक समज मात्र आजही कायम आहे. शहराखाली कातळच आहे, तेव्हा पायाची फारशी चिंता करण्याचे कारण नाही, असा तो समज होय.

या समजाची परीक्षा जुन्या वस्तीत जितकी कठोरपणे होते तितकी ती नव्या वसाहतींत होत नाही. औरंगपुरा हा शहराच्या जुन्या पुऱ्यांपैकी एक. जिल्हा परिषदेचे कार्यालय, सरस्वती भुवन शिक्षण संस्थेच्या वास्तू, भाजी मंडई आणि त्यांच्याभोवती दाटीने उभी असलेली घरे व दुकाने असे या भागाचे स्वरूप आहे. जुनी माळवदाची घरे उतरवून त्यांच्या जागी तीन-चार मजली काँक्रीटच्या इमारती उभारण्याची प्रक्रिया येथे अनेक वर्षे चालू आहे. अशा बांधकामात पाया किती खोल न्यावयाचा याचा निर्णय पुष्कळदा शेजारच्या घराच्या पायावरून, गवंड्याच्या अनुभवावरून किंवा खड्ड्यात मुरूम दिसताच घेतला जातो. भूस्तर अन्वेषणाचा अहवाल तयार होतो तो बहुधा मंजुरीच्या कागदपत्रांची पूर्तता म्हणून. वस्तुतः पाया कोणत्या प्रकारचा असावा, तो किती खोल व किती रुंद असावा, इतकेच काय पण वरच्या स्तंभांची मांडणी कशी असावी, हे प्रश्न जमिनीची माहिती हाती आल्याशिवाय सुटतच नाहीत. अन्वेषण हा संकल्पनाचा पहिला टप्पा कसा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दख्खनच्या कातळाची घडण

मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले व त्यांतून हा खडक निर्माण झाला. वेरूळच्या लेण्यांत फिरताना हे थर उघड्या डोळ्यांनी ओळखता येतात. मात्र लेणी कोरणाऱ्यांनी आपल्या कामाला योग्य असा खडक पाहून घेतला होता, आणि शहरातल्या घरमालकाला जो भूखंड वाट्याला येतो त्याखालचा खडक त्याने निवडलेला नसतो, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

हा कातळ एकजिनसी नाही. विहिरी खोदणाऱ्या कारागिरांनी त्याला फार पूर्वीपासून वेगवेगळी नावे दिली आहेत. वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. मधूनच तांबड्या गेरूचा पट्टा लागतो. ही नावे भूशास्त्राशी चांगली जुळतात. मुरूम म्हणजे झिजून मोकळा झालेला बेसॉल्ट. मांजऱ्या हा पोकळ्या असलेला व त्या पोकळ्यांत दुय्यम खनिजे भरलेला, तुलनेने मऊ खडक. पाषाण हा घट्ट बेसॉल्ट. तांबडा थर हा दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडणारा भाजक्या मातीसारखा पट्टा असून तो कोठे काही सेंटिमीटर, तर कोठे मीटरहून अधिक जाडीचा असतो. पाणी लागले की तो मऊ पडतो, सुटा होतो.

झिजण्याची क्रियाही सर्वत्र सारखी होत नाही. खडकातील भेगांच्या वाटेने पाणी खोलवर जाते व त्या भेगांलगतचा भाग आधी कुजतो. परिणामी खडकाचा माथा सपाट न राहता खालीवर होतो, आणि मुरुमात मध्येच न झिजलेले गोल धोंडे शिल्लक राहतात. एका खड्ड्यात दीड मीटरवर कठीण खडक लागला म्हणून पाच मीटर अंतरावरील दुसऱ्या खड्ड्यात तो तेवढ्याच खोलीवर लागेल, असे म्हणता येत नाही. खड्ड्याच्या तळाशी लागलेला ‘खडक’ हा धोंडाही असू शकतो.

काळी माती आणि हलकी घरे

बेसॉल्टच्या झिजेतूनच काळी माती तयार होते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट गटाची चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. शेतीला जो गुण वरदान ठरतो तोच पायाच्या दृष्टीने दोष ठरतो.

भारतीय मानक १९०४ च्या १९७८ च्या आवृत्तीत निरनिराळ्या जमिनींच्या अंदाजित सुरक्षित भारधारण क्षमतेचा तक्ता दिलेला होता. त्यात ग्रॅनाइट, ट्रॅप यांसारख्या निर्दोष कठीण खडकासाठी दर चौरस मीटरला ३३० टन, तर काळ्या मातीसाठी १५ टन हे मूल्य होते. बावीस पटींचा हा फरक नजरेत भरतोच, पण त्याहून महत्त्वाची अशी एक अट काळ्या मातीच्या नोंदीला जोडलेली होती. हे मूल्य कोरड्या स्थितीतील मातीसाठी होते. तक्त्यातील आकडा उचलताना ही अट नेमकी विसरली जाते. पावसाळ्यात, किंवा सांडपाण्याची नळी फुटल्यावर, तीच माती ओली होते व तो आकडा तिला लागू राहत नाही.

फुगणाऱ्या मातीबाबत सामान्य समजुतीच्या उलट जाणारी एक गोष्ट आहे. येथे जड इमारतीपेक्षा हलक्या घराला अधिक धोका असतो. माती फुगताना वरच्या दिशेने दाब देते. पायाखालील भार त्या दाबापेक्षा कमी असला की पाया उचलला जातो, आणि सर्व पाया सारखाच उचलला जात नाही. घराच्या मधल्या भागाखाली ओलावा टिकून राहतो, कडेची माती ऋतूंप्रमाणे भिजते व सुकते. भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडतात, दरवाजे चौकटीत अडकू लागतात. एकमजली शाळाखोली, कुंपणाची भिंत, वसतिगृहाची जोडखोली अशी बांधकामे ‘किरकोळ’ म्हणून अन्वेषणाविना उरकली जातात. बाधा प्रथम होते ती त्यांनाच.

मातीची फुगण्याची प्रवृत्ती तपासण्याची एक चाचणी इतकी साधी आहे की ती कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येईल. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन एका मोजपात्रात पाण्यात व दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनंतर पाण्यातील मातीचे आकारमान २४ मिलिलिटर व रॉकेलमधील १२ मिलिलिटर भरले, तर मुक्त फुगवटा निर्देशांक १०० टक्के होतो. भारतीय मानक १४९८ नुसार ५० टक्क्यांखालील माती चिंताजनक मानली जात नाही, तर १०० ते २०० टक्क्यांची माती धोकादायक वर्गात मोडते.

या माहितीवर पायाचा प्रकारच अवलंबून असतो. काळ्या मातीचा थर मीटरभराचा असेल, तर तो काढून पाया मुरुमावर नेणे श्रेयस्कर. थर जाड असेल, तर रुरकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले स्थूण उपयोगी पडतात. त्या फुगवट्याचा व्यास स्थूणाच्या व्यासाच्या साधारण अडीचपट असतो आणि ऋतुमानानुसार मातीच्या ओलाव्यात होणारा बदल जेथे पोहोचत नाही अशा, सामान्यतः साडेतीन मीटर वा त्याहून अधिक खोलीवर तो ठेवला जातो. तिसरा मार्ग मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे एक मीटरचा थर दाबून बसविला, तर खालच्या मातीची हालचाल आटोक्यात राहते.

यातील ‘चिकट’ या शब्दाकडे स्थानिक बांधकामात सर्रास दुर्लक्ष होते. काळी माती उकरून त्या खड्ड्यात भरड मुरूम भरला की काम झाले, असे मानले जाते. भरड मुरुमातून पाणी सहज खाली जाते, पण भोवतालच्या काळ्या मातीतून ते बाहेर पडत नाही. अशा रीतीने पायाखाली एक हौदच तयार होतो आणि ज्या मातीला पाण्यापासून वाचवायचे तिलाच बारमाही पाणी मिळते.

एक स्तंभ खडकावर, दुसरा मातीवर

औरंगपुऱ्यासारख्या भागातील एक काल्पनिक पण नित्याचे उदाहरण घेऊ. चार मजली इमारतीच्या एका स्तंभावर ८० टन भार येतो व स्तंभांतील अंतर ३ मीटर आहे. पायाचे स्वतःचे वजन धरून भार ८८ टन मानू. जमिनीची सुरक्षित क्षमता चौरस मीटरला १५ टन असेल, तर फूटिंगचे, म्हणजे स्तंभाखालील पसरट चौथऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ५.९ चौरस मीटर, म्हणजे एक बाजू २.४२ मीटर लागेल. क्षमता ४० टन असेल, तर क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर व बाजू जेमतेम दीड मीटर पुरेल. पहिल्या स्थितीत दोन फूटिंगांमध्ये अर्ध्या मीटरहून थोडे अधिक अंतर उरते व त्यांच्याखालील दाबाची क्षेत्रे एकमेकांत मिसळतात. तेव्हा स्वतंत्र फूटिंगांऐवजी जोडपाया किंवा संपूर्ण इमारतीखाली एकच राफ्ट यांचा विचार करावा लागतो. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असलेल्या स्तंभाचे फूटिंग तर हद्दीपलीकडे जाऊच शकत नाही. भार चौथऱ्याच्या मध्यावर न येता कडेला येतो आणि तो आतल्या स्तंभाशी तुळईने बांधून घ्यावा लागतो. केवळ एका आकड्याने पायाचा संपूर्ण आराखडा बदलतो तो असा.

क्षमतेचा प्रश्न सुटला तरी खचण्याचा प्रश्न उरतोच, आणि या शहरात तोच अधिक गंभीर आहे. सर्व इमारत सारखी खचली तर तिला फारशी इजा होत नाही. दोन स्तंभ कमीअधिक खचले तर तुळया वाकतात, भिंती तडकतात. भारतीय मानक १९०४ च्या १९८६ च्या आवृत्तीनुसार स्वतंत्र फूटिंगवरील काँक्रीट सांगाड्यासाठी घट्ट जमिनीत एकूण ५० मिलिमीटरपर्यंत खचणे चालते, पण दोन लगतच्या स्तंभांच्या खचण्यातील फरक त्यांच्यातील अंतराच्या ०.००१५ पटीपेक्षा अधिक असता कामा नये. अंतर ३ मीटर असल्यास ही मर्यादा केवळ साडेचार मिलिमीटरची होते.

आता खडकाचा माथा खालीवर आहे असे समजा. एक स्तंभ पाषाणावर टेकला, शेजारचा घट्ट मातीवर. मातीवरचा स्तंभ १५ मिलिमीटर खचला, खडकावरचा जवळजवळ खचलाच नाही. एकूण खचणे मर्यादेच्या आत आहे, क्षमतेची गणिते बरोबर आहेत, आणि तरीही दोघांतील फरक मर्यादेच्या तिपटीहून अधिक आहे. खडकाचे सान्निध्य येथे सुरक्षिततेऐवजी संकटाचे कारण ठरते. सर्वत्र मातीच असती तर ही इमारत कदाचित सुखरूप राहिली असती. उपाय अवघड नाहीत. सर्व फूटिंगे एकाच प्रकारच्या थरापर्यंत नेता येतात, खोलगट जागा भरड काँक्रीटने भरता येते, अथवा राफ्ट घालता येतो. मात्र त्यासाठी खडकाचा माथा कोठे वर व कोठे खाली आहे हे आधी कळले पाहिजे, आणि एका खड्ड्याने ते कळत नाही.

चाचण्या आणि त्यांचे वाचन

भारतीय मानक १८९२ च्या १९७९ च्या आवृत्तीने सुमारे ०.४ हेक्टरवरील इमारतीसाठी चार कोपऱ्यांवर चार व मध्यभागी एक असे वेध सुचविले होते. लहान इमारतीला मध्यभागी एक वेध वा चाचणीखड्डा पुरेसा मानला होता. ही सवलत एकसारख्या थरांच्या प्रदेशात योग्य आहे. बेसॉल्टच्या खालीवर झिजलेल्या माथ्यावर एकाच वेधावर विसंबणे धाडसाचे ठरते.

वेध घेताना मातीत व मुरुमात प्रमाणित भेदन चाचणी करतात. ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७५० मिलिमीटर उंचीवरून पुन्हापुन्हा पाडून नमुनानळी जमिनीत ठोकतात. पहिले १५० मिलिमीटर सोडून पुढच्या ३०० मिलिमीटरसाठी लागणाऱ्या ठोक्यांची संख्या म्हणजे एन मूल्य. ठोके देऊनही नळी पुढे सरकेनाशी झाली की ‘नकार’ नोंदवितात. पुष्कळ अहवाल या नकारापाशी थांबतात व खाली खडक असल्याचे गृहीत धरतात. नकार देणारी वस्तू हा मुरुमातील धोंडा आहे, की दोन मीटर जाडीचा पाषाणथर व त्याखाली पाण्याने मऊ झालेला गेरू आहे, हे हातोडा सांगू शकत नाही. त्यासाठी हिरेजडित नळीने खडकाचा गाभा काढावा लागतो.

गाभ्याचे वाचन ही सोपी पण सावधपणे करावयाची गोष्ट आहे. समजा, दीड मीटर वेधातून ३२, २१, १८, १२, ८ व ६ सेंटिमीटर लांबीचे तुकडे हाती आले. एकूण ९७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६५ टक्के गाभा मिळाला. खडकाच्या गुणवत्तेचा निर्देशांक काढताना मात्र दहा सेंटिमीटर वा त्याहून लांब तुकडेच धरतात. ते भरतात ८३ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५५ टक्के, आणि खडक मध्यम प्रतीचा ठरतो. पण खरी माहिती न मिळालेल्या ५३ सेंटिमीटरमध्ये आहे. तेथे पोकळी होती, भेगाळ खडक होता, की वेधाच्या पाण्याबरोबर वाहून गेलेला गेरू? पाण्याचा रंग कोणत्या खोलीवर तांबडा झाला, पाणी अचानक कोठे नाहीसे झाले, या वेधयंत्रावरील कामगाराच्या नोंदी अशा वेळी निष्कर्षाच्या तक्त्यांपेक्षा मोलाच्या असतात. सुबक टंकलेखन केलेल्या अहवालातून नेमक्या त्याच गाळल्या जातात.

पट्टिकाभार चाचणीबाबतही असाच गैरसमज आढळतो. लहान पोलादी पट्टीवर भार देऊन जमीन किती दबते ते पाहतात. परंतु पट्टीचा परिणाम तिच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंतच पोहोचतो. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथील धान्याचे अजस्र कोठार १९१३ मध्ये भरले जात असतानाच एका बाजूला कलले व सुमारे सत्तावीस अंशांवर जाऊन थांबले. बांधण्यापूर्वी तेथे उथळ भार चाचण्या झाल्या होत्या व त्यांचे निष्कर्ष समाधानकारक होते. कित्येक वर्षांनंतर घेतलेल्या वेधांत कारण सापडले. वरचा थर कणखर होता, त्याखालची चिकणमाती मऊ होती. लहान पट्टीला खालची माती जाणवलीच नाही, विशाल कोठाराला ती जाणवली.

जुन्या वस्तीची जमीन

औरंगपुऱ्याची जमीन केवळ निसर्गाने घडविलेली नाही. चार शतकांच्या वस्तीने तिच्यात भर घातली आहे. बुजविलेले आड, धान्याची पेवे, शोषखड्डे, पडक्या भिंतींचा मलबा आणि परिसरातील नाल्याच्या काठी वेळोवेळी टाकलेला भराव यांचा शोध कोणत्याही भूशास्त्रीय नकाशात लागत नाही. मलिक अंबरच्या काळापासून शहराला भूमिगत नहरींनी पाणीपुरवठा होत असे. जुन्या शहरात पाया खणताना अशा एखाद्या बंद वाहिनीशी गाठ पडण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. ती केवळ भरून टाकणे वारशाच्या दृष्टीने अनुचित आहेच, शिवाय तिच्यातून वाहणारे पाणी अडून दुसऱ्याच्या पायाखाली शिरण्याचा धोकाही आहे.

म्हणून जुन्या वस्तीतील अन्वेषण वेधयंत्राने सुरू होत नाही. जुने नगरभूमापन नकाशे, शेजारच्या वृद्ध रहिवाशांच्या आठवणी, भिंतींवरील ओल व भेगा यांची पाहणी हा त्याचा पहिला भाग होय. आड कोठे होता हे सांगणारी आजी येथे एका वेधाइतकीच उपयुक्त माहिती देते.

शेजारच्या घराचा पायाही अन्वेषणाच्या कक्षेत येतो. दगड-मातीच्या जुन्या भिंतीचा पाया बहुधा उथळ असतो. त्याला लागून तीन मीटर खोल खड्डा घेतला, तर त्या भिंतीखालचा आधार निसटतो. निरनिराळ्या पातळ्यांवरील लगतच्या फूटिंगांच्या कडा जोडणारी रेषा दोन आडव्यास एक उभा यापेक्षा तीव्र उताराची नसावी, असे मानक १९०४ सांगते. पुऱ्यातील अरुंद भूखंडावर हा नियम जागेअभावी पाळता येत नाही. तेव्हा टप्प्याटप्प्याने खोदणे, आधार देणे किंवा पायाची पातळीच वर ठेवून राफ्टचा स्वीकार करणे हे पर्याय उरतात. त्यांची निवड शेजारच्या पायाची खोली मोजल्याशिवाय करता येत नाही.

भूकंपाचा विचार

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची स्मृती मराठवाड्यात अजून ताजी आहे. त्या विध्वंसाचे खापर काळ्या मातीवर फोडणे बरोबर होणार नाही. मातीच्या सांध्यांत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड छपरे हे प्राणहानीचे मुख्य कारण होते. तथापि जमिनीचा प्रकार भूकंपाच्या बलावर परिणाम करतो, ही गोष्ट संकल्पनात स्पष्टपणे येते. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हे शहर दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात धरलेले आहे आणि जमिनीचे खडक वा कठीण, मध्यम व मऊ असे तीन वर्ग एन मूल्यांवरून पाडलेले आहेत. १३ मीटर उंचीच्या उघड्या काँक्रीट सांगाड्याचा नैसर्गिक दोलनकाल अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. या दोलनकालासाठी प्रतिसाद गुणांक कठीण जमिनीवर सुमारे २, तर मध्यम वा मऊ जमिनीवर २.५ आहे. जमिनीचा वर्ग अंदाजाने ‘खडक’ असा लिहिला गेला आणि प्रत्यक्षात ती मध्यम निघाली, तर भूकंपाचे बल सुमारे एक पंचमांशाने कमी धरले जाते. ही चूक पायापुरती राहत नाही. ती वरच्या प्रत्येक स्तंभाच्या सळ्यांत उतरते.

अहवाल आणि चर

महाविद्यालयांच्या इमारत समित्यांवर अभियांत्रिकीबाहेरील प्राध्यापकही असतात व त्यांच्यासमोर हे अहवाल येतात. त्यांनी गणिते तपासावीत अशी अपेक्षा नाही. मात्र काही प्रश्न कोणीही विचारू शकतो. वेध कोणत्या महिन्यात घेतले? मे महिन्यात पाणी लागले नाही, याचा अर्थ सप्टेंबरमध्येही ते लागणार नाही असा होत नाही. वेध प्रस्तावित इमारतीच्या जागी घेतले की आवाराच्या सोयीच्या कोपऱ्यात? शिफारस केलेली क्षमता कोणत्या खोलीसाठी व किती रुंदीच्या पायासाठी आहे? खचण्याचा हिशेब दिला आहे काय?

याहून अधिक लक्ष द्यावे असा क्षण पुढे येतो. पायाचे चर खणून तयार झाले की जमीन प्रथमच सलगपणे दृष्टीस पडते. वेधांनी जे ठिपक्यांत दाखविले ते येथे रेषेत दिसते. अशा वेळी अहवालाची प्रत हाती घेऊन प्रत्येक फूटिंगचा तळ पाहावा, पहारीने ठोकून तो सर्वत्र सारखाच वाजतो की मध्येच बद्द आवाज येतो हे ऐकावे, थर व पातळी आराखड्यावर नोंदवून त्यावर अभियंत्याची तारखेसह स्वाक्षरी घ्यावी. तळ अहवालाशी जुळत नसेल, तर संकल्पन त्याच दिवशी पुन्हा तपासले पाहिजे. काँक्रीटचा पहिला थर पडल्यानंतर खालची जमीन पुन्हा दिसत नाही, आणि उभ्या इमारतीखाली नवा आधार घालण्याचे काम करावयाचे झाल्यास ते वीतवीत खोदून, वरचा भार तात्पुरता पेलून धरत, महिनोन्महिने करावे लागते.